लोटसचे शिल्पकार कॉलिन चॅपमन : घरामागच्या गॅरेजमधून विश्वविजेतेपदापर्यंत

जुनी मोटार विकत घ्यायची, सुट्टीच्या दिवशी तिचे सुटे भाग वेगळे करायचे, इंजिनात व सांगाड्यात आपल्या कल्पनेप्रमाणे फेरफार करायचे आणि मग ती स्पर्धेत उतरवायची, हा छंद दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये असंख्य तरुणांनी जोपासला. त्यांच्या गाड्यांपैकी बहुतेक आज विस्मृतीत गेल्या आहेत. उत्तर लंडनमधील एका गॅरेजमध्ये १९४८ साली तयार झालेली एक गाडी मात्र याला अपवाद ठरली. तिच्यातून लोटस ही कंपनी उभी राहिली आणि पुढील तीन दशकांत मोटार शर्यतींचे तंत्रच बदलून गेले. या गाडीचे निर्माते होते कॉलिन चॅपमन. विलक्षण कल्पकता, तितकीच विलक्षण जोखीम आणि अखेरच्या वर्षांत वादाचे सावट असे त्यांचे जीवन होते.

बालपण आणि शिक्षण

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवत असत. युद्ध संपत आले असताना चॅपमन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. त्यांनी निवडलेला विषय मोटारींशी थेट संबंधित नव्हता. पूल, छपरे व इमारती यांवर पडणारा भार कोणत्या मार्गाने वाहून नेला जातो, याचा अभ्यास करणारे बांधकाम अभियांत्रिकीचे शास्त्र ते शिकत होते. विद्यापीठाच्या हवाई पथकात त्यांनी विमान चालवण्याचे शिक्षणही घेतले आणि काही काळ ते ब्रिटनच्या हवाई दलातही होते. पुलाचा सांगाडा आणि विमानाचे हलके शरीर या दोन्ही गोष्टींचा ठसा त्यांच्या पुढील प्रत्येक गाडीवर दिसून येतो.

शिक्षण सुरू असतानाच एका मित्राच्या साथीने त्यांनी जुन्या मोटारींच्या खरेदीविक्रीचा जोडधंदा सुरू केला होता. युद्धानंतर नव्या मोटारी दुर्मीळ असल्याने धंदा बरा चालत असे. परंतु १९४७ च्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने खासगी वाहनांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटाच रद्द केला. पेट्रोलच नसल्याने गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही, भाव कोसळले आणि जवळचा साठा मिळेल त्या किमतीला विकावा लागला. अखेरीस एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी शिल्लक राहिली. तिला कोणी विकत घेईना. या न विकल्या गेलेल्या गाडीनेच चॅपमन यांच्या आयुष्याला दिशा दिली.

ऑस्टिन सेव्हनचा कायापालट

ऑस्टिन सेव्हन ही १९२० च्या दशकात बाजारात आलेली छोटी, स्वस्त व साधी मोटार होती. तिचे इंजिन अवघे ७४७ घनसेंटिमीटरचे होते. तिचे सुटे भाग भंगारातही मिळत आणि घरच्या अवजारांनी ती खोलता येई. त्यामुळे हौशी कारागिरांची ती आवडती गाडी होती.

चॅपमन यांची मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या आईवडिलांचे घर मसवेल हिल येथे होते. त्या घरामागील गॅरेजमध्ये चॅपमन यांनी या गाडीवर काम सुरू केले. मूळचे शरीर उतरवून त्यांनी चासीच्या उघड्या पट्ट्या बंदिस्त करून घेतल्या, जेणेकरून ती पिळवटणार नाही. त्यावर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एकत्र वापरून नवे शरीर बांधले आणि आडव्या भिंती घालून त्याला बळकटी दिली. विमानाच्या शरीराप्रमाणे बाहेरचा पत्राही भार पेलण्याच्या कामी यावा, हा त्यामागील विचार होता. हेझल यांनी या कामात प्रत्यक्ष हातभार लावला. गाडीची नोंदणी करताना तिचे नाव लोटस असे ठेवण्यात आले. हेच नाव का निवडले याचा खुलासा चॅपमन यांनी अखेरपर्यंत केला नाही. त्याविषयी अनेक तर्क मात्र आजही लढवले जातात.

ही गाडी चिखलाच्या व चढणीच्या वाटांवर होणाऱ्या ‘ट्रायल’ प्रकारच्या स्पर्धांत उतरली. तिच्यातील उणिवा लक्षात आल्यावर चॅपमन यांनी दुसरी गाडी बांधली. जून १९५० मध्ये सिल्व्हरस्टोन येथील क्लबांच्या शर्यतीत या दुसऱ्या गाडीने एका बुगाटीला मागे टाकले आणि चॅपमन यांचे लक्ष चिखलाच्या वाटांवरून शर्यतीच्या धावपट्टीकडे वळले.

नियमांच्या चौकटीतील पळवाट

त्या काळी ‘७५० मोटर क्लब’ या संस्थेतर्फे ऑस्टिन सेव्हनवर आधारित, कमी खर्चाच्या गाड्यांसाठी शर्यती होत असत. १९५१ च्या हंगामासाठी चॅपमन यांनी ॲलन बंधूंच्या सुसज्ज घरगुती कार्यशाळेत तिसरी गाडी तयार केली. या गाडीच्या इंजिनातील एक फेरफार आजही हौशी तंत्रज्ञ कौतुकाने सांगतात.

ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात चार सिलिंडर असले तरी पेट्रोल व हवेचे मिश्रण आत घेण्यासाठी दोनच वाटा होत्या. दोन दोन सिलिंडरांना मिळून एक वाट, अशी ती रचना होती. शेजारचे सिलिंडर एकाच वाटेतून मिश्रण ओढत असल्याने ते एकमेकांच्या वाट्यात अडथळा आणत. ब्लॉक बदलण्यास नियमांची परवानगी नव्हती. चॅपमन यांनी मिश्रण वाहून आणणाऱ्या नळीची रचना अशी केली की तिच्यातील पातळ पडदा ब्लॉकमधील वाटेच्या आतपर्यंत जाई आणि एका वाटेचे दोन भाग होत. परिणामी दोन वाटांचे इंजिन चार वाटांचे असल्याप्रमाणे काम करू लागले. गाडी इतकी वेगवान ठरली की क्लबने पुढे या युक्तीवर बंदी घातली. नियम काळजीपूर्वक वाचायचा आणि त्यात जे लिहिलेले नाही ते करून दाखवायचे, ही चॅपमन यांची पद्धत येथेच रूढ झाली.

तबेल्यातील कंपनी

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंगचा कारभार सुरू झाला. जागा होती वडिलांच्या रेल्वे हॉटेलामागील जुना तबेला. चॅपमन दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करत आणि संध्याकाळनंतर गाड्या बांधत. हेझल यांनी दिलेले २५ पौंड हे या उद्योगाचे आरंभीचे भांडवल होते. १९५४ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि १९५५ मध्ये नोकरी सोडून चॅपमन यांनी स्वतःला पूर्णपणे लोटसला वाहून घेतले. या तबेल्यात काम केलेल्या तरुणांपैकी माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी पुढे कॉसवर्थ ही इंजिन कंपनी स्थापन केली, तर मेकॅनिक म्हणून आलेले ग्रॅहम हिल दोनदा विश्वविजेते झाले.

लोटसच्या सहाव्या गाडीत चॅपमन यांच्या शिक्षणाचा खरा उपयोग दिसून आला. जाड पट्ट्यांच्या चासीऐवजी त्यांनी बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून पुलासारखा सांगाडा तयार केला. या नळ्यांच्या सांगाड्याचे वजन अवघे २५ किलोच्या आसपास होते. गिऱ्हाईकाने हा सांगाडा विकत घ्यावा, जुन्या फोर्ड गाडीचे इंजिन, आस व अन्य भाग मिळवावेत आणि घरी गाडी जोडावी, अशी योजना होती. अशा सुमारे १०० गाड्या विकल्या गेल्या.

घरी जोडायची मोटार

१९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही या विचाराची परिणती होती. दोन आसने, उघडे चाकपंखे, दरवाजे नाहीत, छप्पर नावापुरते, आणि चालण्यासाठी आवश्यक नाही असे जवळजवळ काहीच नाही. रस्त्यावरून कामावर नेता येईल आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत पळवता येईल अशी ही गाडी होती.

तिच्या लोकप्रियतेमागे करांचे गणितही होते. ब्रिटनमध्ये त्या काळी पूर्ण तयार मोटारीवर मोठा खरेदी कर लागत असे. सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागत नसे. त्यामुळे लोटस सेव्हन खोक्यांतून सुट्या भागांच्या रूपात घरी येई आणि मालक काही दिवसांत ती उभी करी. संचासोबत गाडी जोडण्याच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून चॅपमन यांनी ती खोलण्याच्या सूचना छापल्या आणि गिऱ्हाईकाने त्या शेवटून पहिल्याकडे वाचाव्यात अशी सोय केली, ही कथा मोटारप्रेमींत प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर लागू झाला आणि ही सवलत संपुष्टात आली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या विक्रेत्याकडे गेले. ती गाडी सुधारित रूपात आजही बनते आणि संचाच्या स्वरूपातही मिळते. मात्र घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये आता सरकारी तपासणीतून जावे लागते.

कर वाचवणे हा संचाचा एक लाभ होता. दुसरा लाभ अधिक टिकाऊ ठरला. ज्याने प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला आहे, त्याला गाडीतील बिघाड कुठे असेल याचा अंदाज येतो. जुन्या लोटस गाड्या इतक्या वर्षांनंतरही धावत आहेत, याचे श्रेय बव्हंशी अशा मालकांना द्यावे लागेल.

हलकेपणाची किंमत

१९६२ मध्ये आलेली लोटस एलान ही चॅपमन यांची रस्त्यावरील सर्वांत नावाजलेली गाडी होय. पोलादी पत्रा दुमडून बनवलेली, पाठीच्या कण्यासारखी मधून जाणारी चासी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेले फायबरग्लासचे शरीर आणि फोर्डच्या ब्लॉकवर बेतलेले १५५८ घनसेंटिमीटरचे इंजिन, अशी तिची रचना होती. वजन सुमारे ७०० किलोच होते. तिच्या चपळाईची तुलना आजही नव्या गाड्यांशी केली जाते.

एलान घरी सांभाळणाऱ्यांना मात्र चॅपमन यांच्या काटकसरीची ओळख पदोपदी होते. फायबरग्लास गंजत नाही, परंतु त्याखाली झाकलेली पोलादी चासी गंजते आणि बाहेरून ते दिसत नाही. शरीर उतरवूनच खरी तपासणी करता येते. पुढे जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या चासी उपलब्ध झाल्या आणि अनेक गाड्या त्यामुळे वाचल्या. फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार लागते. ती सैल झाली किंवा तिच्या टोकाला गंज चढला की दिवे मंदावतात. बॉनेटमधून वर येणारे दिवे निर्वाताच्या जोरावर उचलले जातात आणि त्यासाठी लागणारी टाकी म्हणून चासीचा पुढचा पोकळ भागच वापरलेला आहे. म्हणजे चासीला गंजाने बारीक छिद्र पडले तरी त्याचा परिणाम दिव्यांवर होतो. एकाच भागाकडून दोन कामे करून घेण्याच्या चॅपमन यांच्या शैलीचे हे बोलके उदाहरण आहे.

मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यांना रबराच्या जाड कड्या जोडलेल्या असतात. त्यांना भेगा पडल्या आहेत का, हे मालकाला नियमित पाहावे लागते. पुढील चाके वळवणाऱ्या जोडाच्या खालच्या टोकाला ग्रीसऐवजी गिअरचे जाड तेल द्यावे, असे जाणकार सांगतात. तेथील आटे कोरडे पडून झिजले तर तो भाग तुटू शकतो आणि चाक कोलमडते. गाडी उचलताना जॅक फायबरग्लासच्या तळाला न लावता चासीखालीच लावावा लागतो. रबराच्या कड्या काढून आधुनिक सांध्यांच्या दांड्या बसवाव्यात की मूळ रचना जपावी, यावर एलानच्या मालकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. न विकल्या गेलेल्या गाडीची मूळ रचना मोडूनच लोटसचा जन्म झाला होता, हे या वादात विसरता येत नाही.

विजय आणि मृत्यू

घरामागच्या गॅरेजमध्ये सुरू झालेला हाच विचार चॅपमन यांनी फॉर्म्युला वन शर्यतींत नेला. १९६० मध्ये मोनॅको येथे स्टर्लिंग मॉस यांनी लोटसला पहिला ग्रां प्री विजय मिळवून दिला. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांचा सांगाडाच नव्हता. बाहेरचे पत्र्याचे शरीर हीच चासी होती. ऑस्टिन सेव्हनवर बसवलेल्या प्लायवूडच्या शरीरामागील कल्पना येथे पूर्णत्वास गेली. स्कॉटलंडचे जिम क्लार्क १९६३ व १९६५ मध्ये लोटसच्या गाडीतून विश्वविजेते झाले आणि १९६५ मध्येच त्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थचे इंजिनच गाडीच्या मागील सांगाड्याचे काम करू लागले. या गाडीने पदार्पणातच हॉलंडची शर्यत जिंकली.

या यशाला दुसरी बाजू होती. जून १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावादरम्यान मॉस यांच्या लोटसचे मागील चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलर यांच्या लोटसचे स्टीअरिंग निकामी झाले आणि त्यांची कारकीर्द संपली. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइम येथे क्लार्क यांचा मृत्यू झाला. चॅपमन यांचा तो अत्यंत निकटचा मित्र होता. या आघातातून ते पूर्णपणे सावरले नाहीत, असे त्यांचे सहकारी सांगत. १९६९ मध्ये स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाले. त्यात जखमी झालेले योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून गाड्यांच्या नाजूकपणाविषयी स्पष्ट नाराजी कळवली. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावात ब्रेकचा दांडा तुटल्याने गाडी भरकटली आणि रिंट मृत्युमुखी पडले. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. असे दुसरे उदाहरण फॉर्म्युला वनच्या इतिहासात नाही.

वजनाचा प्रत्येक ग्रॅम वाचवण्याच्या ध्यासात सुरक्षिततेची मर्यादा ओलांडली गेली का, हा प्रश्न चॅपमन यांच्या हयातीतच विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्या काळातील धावपट्ट्या, संरक्षक कठडे आणि वैद्यकीय सोयी यांचाही या मृत्यूंत वाटा होता, हे खरे आहे. तरीही ज्या भागाला एकाच वेळी दोन कामे करायची असतात, तो मोडला की दोन्ही कामे थांबतात, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

१९७२ मध्ये एमर्सन फिटिपाल्डी आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती हे लोटसमधून विश्वविजेते झाले. आंद्रेत्ती यांची लोटस ७९ गाडी खालून वाहणाऱ्या हवेच्या साहाय्याने स्वतःला रस्त्याकडे खेचून घेत असे. चॅपमन यांच्या काळात लोटसने एकूण ७ वेळा निर्मात्यांचे विश्वविजेतेपद पटकावले.

वादग्रस्त अखेर

१९७८ पासून लोटसने अमेरिकी उद्योजक जॉन डिलोरियन यांच्या मोटारीच्या तांत्रिक विकासाचे काम हाती घेतले. उत्तर आयर्लंडमधील या कारखान्यात ब्रिटिश सरकारने मोठी रक्कम गुंतवली होती. १९८२ मध्ये तो प्रकल्प कोसळला. विकासासाठी देण्यात आलेल्या रकमेपैकी सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत इतरत्र वळवले गेल्याचे चौकशीत उघड झाले. त्यावर न्यायालयात उत्तर देण्यास चॅपमन हयात नव्हते. १६ डिसेंबर १९८२ रोजी नॉरफोक येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ५४ वर्षांचे होते. दहा वर्षांनंतर, १९९२ मध्ये, लोटसचे आर्थिक कारभारी फ्रेड बुशेल यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. चॅपमन जिवंत असते तर त्यांना याहून खूप मोठी शिक्षा झाली असती, असे मत न्यायाधीशांनी तेव्हा व्यक्त केले.

लोटसची मालकी पुढे अनेकदा बदलली आणि २०१७ पासून ती प्रामुख्याने चीनमधील जिली या समूहाकडे आहे. कंपनीने अलीकडे बाजारात आणलेल्या विजेवरील काही गाड्या दोन टनांहून अधिक वजनाच्या आहेत. चॅपमन यांचा विचार अधिक शुद्ध स्वरूपात पाहायचा असेल, तर तो जुनी सेव्हन किंवा एलान सांभाळणाऱ्या मालकांच्या गॅरेजमध्ये आढळतो. नळ्यांचे सांगाडे अजून रंगवले जातात, दिव्यांच्या तारा घासून स्वच्छ केल्या जातात आणि कोणता भाग अनावश्यक आहे व कोणता काढला तर जिवावर बेतेल, याचा निर्णय मालकाला स्वतःच घ्यावा लागतो. चॅपमन यांच्या कर्तृत्वाचे आणि त्यांच्या चुकांचेही धडे या एका निर्णयात सामावलेले आहेत.